घोड्याचे कान

शनिवारवाडा झाला. पर्वती अर्धी चढून उतरले.
केळकर संग्रहालयात अडकित्ते बघता बघता
गुडघे बोलायला लागले.
आफ्रीन म्हणाली, फुप्पी, उद्या काय दाखवू?
मी म्हणाले, रेसकोर्स.
ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली.

एम्प्रेस गार्डनच्या झाडांलगत
एवढी मोठी हिरवळ, आणि तिच्यावर एकही शेळी नाही.
तिकीट काढून आत गेलो.
टाय लावलेला एक म्हातारा पारशी दुर्बीण पुसत बसलेला,
शेजारी भवानी पेठेतला टेम्पोवाला,
दोघं एकाच पुस्तकात बोटं घालून
एका घोड्याच्या आजोबांवरून भांडत होते.
मला माझ्या आजोबांचं पूर्ण नावसुद्धा
नीट सांगता येणार नाही.

कठड्यापलीकडे मोतद्दार घोडे फिरवत होते, गोल गोल.
काय ती कातडी! माशी बसली तर घसरेल.
चंदी भिजवून देतात की कोरडी,
रात्री खरारा कोण करतं,
विचारायचं राहिलं. मध्ये कठडा होता,
आणि आफ्रीन माझा पदर धरून.

टेम्पोवाल्याने समजावलं, मावशी,
जो जास्त जिंकतो त्याच्या खोगिराखाली
शिशाच्या पट्ट्या घालतात. म्हणजे सगळे सारखे.
आमच्या मैनेच्या मागे मिरज स्टेशनवर
चार सवाऱ्या, दोन ट्रंका आणि एकदा तर
गवसणीतली सतार, आडवी.
कशाच्या बरोबरीसाठी, कोण जाणे.

अब्बा म्हणायचे, घोड्याचं तोंड बघू नये, कान बघावेत.
तोंड पुढे असतं त्याचं.
कान मागे, आपल्यापाशी.

मी कान बघून सात नंबरची घोडी घेतली.
नाव इंग्रजी, आफ्रीनने दोनदा सांगितलं, दोनदा विसरले.
खिडकीतल्या माणसाने पैसे घेतले, मान वर न करता,
रेशनच्या दुकानासारखे.

मग ते लोखंडी दरवाजे फटकन उघडले
आणि लांबवर, अगदी लांबवर,
कुणीतरी पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा आवाज.
वळणावर सातचा पिवळा सदरा
एकदम खाली गेला.
लोक उभे राहिले. माझ्यापुढे एक छत्री.
छत्री हलली तेव्हा
घोडी एकटीच पळत होती,
रिकिबी पोटावर आपटत,
आणि सगळ्यांच्या पुढे.
रेषा तिनेच आधी ओलांडली.

ते धरत नाहीत म्हणे.
स्वार नसेल तर आली काय, न आली काय.
स्वार उठला, लंगडत गाडीत बसला, टाळ्या झाल्या.
टेम्पोवाला म्हणाला, गेले पैसे, मावशी.

मी आठवीत होते.
दिवेलागणीला टापा वाजल्या म्हणून अम्मीने तवा ठेवला.
मैना दारात उभी. लगाम लोंबत होता.
टांग्यात अब्बांची टोपी, अर्धी पानाची पुडी,
आणि कुणी नाही.
मिशन हॉस्पिटलच्या वळणापासून
ती एकटी आली होती, रेल्वे फाटक ओलांडून,
दोन चौक, एक बाजार. कुणाला धक्का नाही.
आम्ही सगळे वळणाकडे पळालो.
तिचा साज रात्री उशिरापर्यंत
कुणी काढला नाही.

पारशीबाबाने न विचारता दुर्बीण पुढे केली.
मी ती उलटी धरली.
सात नंबरची घोडी दिसली, मुंगीएवढी,
मिरजेइतकी लांब.
“अशी नाय, अशी,” म्हणत त्याने फिरवून दिली
आणि ती एकदम जवळ आली, श्वास लागेल इतकी.
गवत खात होती कडेला. मोतद्दार धावत निघाला होता,
पोचला नव्हता अजून.

तोंड गवतात.
कान मागे वळलेले, दोन्ही.

आफ्रीन म्हणाली, फुप्पी, दिसतंय का काही?
म्हटलं, थांब जरा.